केस मीच उपटत होते

“ह्याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “मनावर ताण आला की हात केसांकडे जातो आणि केस उपटले जातात. हा आजार आहे, खोड नाही.”

शेजारी बसलेली चुलती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. मी फरशीकडे. तोवर हे फक्त मला ठाऊक होतं.

मी नववीत होते. आई-अण्णा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात गेले. शाळा बुडू नये म्हणून मला पिंपरी पेंढारला चुलतीकडे ठेवलं. चुलती मायाळू, पण दिवसभर रानात. अभ्यासाला बसले की माझी बोटं केसांत जायची. एक केस तुटला की क्षणभर बरं वाटायचं. मग पुढचा.

टाळूवर टक्कल दिसायला लागलं तसं चुलती म्हणाली, “चाई पडली असंल.” तिनं लसूण चोळला. वर्गात मुली नायटा म्हणाल्या. माझ्या बाकावरची कोमल दुसरीकडे जाऊन बसली. एका सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “आधी डोकं दाखवून ये, मग शाळेत ये.”

मग घरीच राहिले. शाळेत निदान गलका तरी असायचा. इथं दुपारभर रिकामं घर, आणि मी.

जुन्नरच्या कातडीच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. “केस गळलेले नाहीत, मधेच तुटलेत,” म्हणाले आणि मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथल्या बाकड्यावर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून चुलतीनं तोंडावर पदर घेतला होता.

उपचाराचं नाव हॅबिट रिव्हर्सल. म्हणजे हात वर निघाला की ओळखायचं, मूठ आवळायची आणि ओढ ओसरेपर्यंत थांबायचं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, “शाळेत तुझं कोण आहे?” मला एकही मैत्रीण सांगता येईना. शेवटी म्हटलं, “आमच्या वर्गशिक्षिका, शेख मॅडम.” माझी परवानगी घेऊन डॉक्टर त्यांच्याशी फोनवर बोलल्या.

शेख मॅडम घरी आल्या. “वर्गाला काय सांगू? काय नको सांगू?” त्यांनी मलाच विचारलं.

“लागण होत नाय, एवढंच सांगा.”

त्यांनी तेवढंच सांगितलं. मी परत शाळेत जाऊ लागले. मला स्कार्फ बांधायची मुभा मिळाली. हात डोक्याकडे गेला तरी कुणी शिक्षक नाव घेऊन ओरडत नसे. घुसमटलं की न विचारता व्हरांड्यात जाऊन यायचं. आणि आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत मॅडम स्वतःच्या फोनवरून आईला फोन लावून द्यायच्या. रेंज मिळेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा लावत.

मुली लगेच जवळ आल्या नाहीत. कोमल तर आलीच नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे भोगणाऱ्यांना वाटेल की एका दिवसात सगळं जुळतं.

एकदा फोनवर धीर करून म्हटलं, “आई, चाई नाय पडली. केस मीच उपटते.”

पलीकडून नुसती मेंढरं ओरडत होती. वाटलं, आता आई रागवणार.

“दुखतं का गं?”

“नाय.”

“मग दुखतं कुठं?”

मी व्हरांड्यातच रडले. शेख मॅडम दाराशी पाठ करून उभ्या राहिल्या, कुणाला पुढं येऊ दिलं नाही. घंटा झाली तरी त्यांनी फोन परत मागितला नाही.