रॉकेटची शेवटची वडी

आमच्या घरात रॉकेटच्या इंधनाला वडी म्हणायचे. पुस्तकात हा शब्द शोधू नका, तो आम्हा नवराबायकोचा. साखर वितळवून त्यात ह्यांचा तो पांढरा क्षार मिसळायचा, जाड पुठ्ठ्याच्या नळीत ओतायचा, गार झाला की दगडासारखा घट्ट. रंग थेट खव्याच्या वडीचा. म्हणून वडी.

हे दफ्तरातून रिटायर झाले आणि मोबाईलवर कुण्या परदेशी म्हाताऱ्याचे व्हिडिओ बघत बसायला लागले. एक दिवस गच्चीवरून करपल्याचा वास आला. मी पोळ्या टाकून वर गेले, तर हे बिजलीच्या शेगडीपुढे उकिडवे बसलेले, पातेल्यात नुसती साखर काळी झालेली.

"अहो, पाक असा करतात होय? सरका बघू."

ते सरकले. बस, तेव्हापासून मी रॉकेटवाली झाले. मापं आणि जोखमीची कामं ह्यांची, साखरेवर नजर माझी. माझ्या जुन्या मोतिया साडीची छत्रीपण मीच शिवली, रॉकेट सावकाश खाली यावं म्हणून.

ओतलेली वडी सेट झाली का, हे ह्यांना कळायचं नाही. घड्याळ लावून बसत. मी म्हटलं, "बोट लावून बघा ना. आम्ही बायका काय घड्याळ लावून वड्या थापतो?" मग प्रत्येक वडी कोमट असताना हे हातमोजा काढून वर अंगठा टेकवायचे. छोटासा खळगा पडायचा, रेषांसकट.

"एवढे शिकलेले, आणि रॉकेटवर अंगठा लावता?" मी चिडवायचे.

"सही वर गेल्यावर करतो," म्हणायचे. धुराची सही.

महूच्या रस्त्यावर ह्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं शेत आहे. सोयाबीन निघालं की तिथे उडवायला जायचो. तो बांधावरूनच ओरडायचा, "भाभीजी, पोहे लाई कि नी? पोहे बिना रॉकेट नी उड़ेगा!" पेटवायची लांब तार टाकून आम्ही दूर उभे राहायचो. हे उलटे आकडे मोजायचे, आणि दर वेळी 'दोन' म्हटलं की थांबायचे. वर बघायचे, एखादी घार नाही ना वाटेत. शेतकरी म्हणायचा, "बाऊजी, घार को टाइम-टेबल भेज दो." मग 'एक', आणि ते जे फर्रकन जायचं ना! मान मागे टाकून बघणारे हे, तोंड उघडं, चष्मा कपाळावर. त्या वेळी ते अगदी लहान दिसायचे.

माघात ह्यांनी एक वडी ओतली. अंगठा टेकवला. रविवारी उडवायची ठरली होती. शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता कपाळ पुसलं, "जरा पडतो गं," म्हणाले, आणि गेले. दवाखान्यापर्यंतपण नाही.

तेराव्याला मुलीला कपाटात त्या वडीचा स्टीलचा डबा सापडला. ती पुण्याला असते.

"आई, हे काय? घरात बारूद ठेवून झोपतेस?"

"बारूद नाही गं, साखर आहे."

"उडव, नाही तर काढून टाक. मला तिकडे झोप लागणार नाही."

तिचंही खरंच होतं. मी म्हटलं, उडवते. आणि मनापासून म्हटलं, उगीच नाही.

गहू निघाले तेव्हा शेतकऱ्याचा फोन आला. "भाभीजी, खेत खाली है. बाऊजी का आखिरी वाला है, ढंग से उड़ाएँगे." मी म्हटलं, येत्या रविवारी. मग ऊन फार होतं. मग गुडघा धरला. मग खजरान्याच्या गणपतीला जायचं राहिलं होतं. रविवार काय, सापडतात टाळायला.

खरी गोष्ट सांगू? दोन-तीन सेकंदात जळून जातं हो ते. फोटो होते, चष्मा होता, शर्ट मी धुतलाच नव्हता. पण त्या खळग्यात माझा अंगठा ठेवला की मावून वर जागा उरायची. एवढा रुंद अंगठा त्यांचा. तसं दुसऱ्या कशाने होत नव्हतं.

ह्यांनी शंभर वेळा सांगितलं होतं, "हिचा एकच दुश्मन, दमट हवा. डबा उघडायचा नाही." तांदळाची पुरचुंडीपण आत त्यांनीच ठेवलेली. मी काय करायचे? रोज आंघोळ झाली, देवाला दिवा लावला की डबा उघडायचे. ओल्या हातानेच. उन्हाळाभर काही झालं नाही, आपल्याकडे हवा कोरडी.

मग एक दिवस पापड सादळले. तिकडे पेरणी तोंडावर आली, शेतकरी फोनवर म्हणाला, "भाभीजी, अब तो बोवनी है. परसों तक आ गए तो ठीक." मी म्हटलं, उद्याच येते. ठरवलंच. पोहे निवडून ठेवले, छत्री नीट घडी करून रॉकेटात बसवली आणि वडी घ्यायला डबा उघडला.

वडी चकाकत होती. हाताला चिकटली. खिडकीशी नेऊन बघितलं, तर वर खळगा होता, पण अरुंद. रेषा नाहीत. मी अंगठा ठेवला, तर बरोब्बर बसला. इकडे तिकडे तसूभर जागा नाही.

रोज हात लावून लावून त्यांचा अंगठा मीच पुसला होता. तिथे आता माझा होता.

सादळलेली वडी उडवायची नाही, हा ह्यांचा नियम. पाण्यात सोडायची. शेतकऱ्याला फोन करून म्हटलं, बोवनी करून टाका. तो म्हणाला, "अच्छा भाभीजी." पोह्यांचं विचारलं नाही.

बादली भरली. नळी आडवी धरून पाण्यात सोडली आणि स्टूल घेऊन तिथेच बसले. साखरच ती, किती वेळ लागणार. आधी कडा गेल्या, मग पुठ्ठा सुटला. दुपारी हात घातला तर तळाशी काही नव्हतं.

रात्री मुलीचा फोन आला. "आई, काढलंस का ते?"

"काढलं."

"कुठे टाकलंस?"

"पाण्यात सोडलं."

फेब्रुवारीत नर्मदेवर आम्ही दोघीच तर होतो, ती कलश धरून आणि मी तिचा हात.

"जेवलीस?" तिने विचारलं.

"पोहे केलेत," मी म्हटलं. "जास्त झालेत जरा."