डिंभ्याच्या ओढ्यातलं काळीज

मंचरला एसटी सोडून घोडेगावमार्गे जीपने डिंभ्याला पोचले, तेव्हा दुपार कलली होती. पुण्यात आमच्या प्रयोगशाळेतले झेब्रामासे पिढ्यानपिढ्या आपसांत वाढून नाजूक झाले होते. त्यांच्यात मिसळायला मला ओढ्यातले त्याच जातीचे रानटी मासे हवे होते.

धरणाखालच्या ओढ्यावर गावातल्या हिराबाई जाळं टाकत होत्या.

"ही पट्ट्याची बारकी? कालवनालाबी पुरायची न्हाईत, ताई!" असं हसत म्हणाल्या, पण दिवस मावळेपर्यंत त्यांनी तीसेक धरून दिली. परतीची गाडी आलीच नाही, तेव्हा मुक्कामालाही त्यांनीच नेलं. तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण. मासे बादलीत सोडून मी तळाशी गोटे टाकले, म्हणजे अंडी फटींत पडतात; नाहीतर मासे स्वतःचीच अंडी खातात.

उजाडताना गोट्यांमध्ये अंडी दिसली, खसखशीएवढी, काचेसारखी. अंड्यातलं काळीज चालू व्हायला एक दिवस लागतो, म्हणून जायचा विचार सोडून मी आणखी एक दिवस राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोटा सूक्ष्मदर्शक ओसरीवर मांडून त्याखाली एक अंडं ठेवलं. हिराबाईंची सून सुमन जवळ आली. तिच्या मुलीच्या हृदयाला जन्मतःच भोक होतं. वर्षापूर्वी ऑपरेशन झालं, आता पोर अंगणात धावत होती.

"दोन जिवाची व्हते तवा गिरान लागल्यालं, अन् म्या इळ्यानं भाजी चिरली," सुमन हळूच म्हणाली. "त्यानंच भोक पडलं का?"

"काळीज घडवणारी जनुकं माशात नि आपल्यात बरीचशी सारखी असतात," मी म्हणाले. "आम्ही माशातलं एखादं बिघडवून काळीज कुठे अडतं ते बघतो. तुमच्या मुलीचं नेमकं कशानं झालं, ते मला सांगता येणार नाही. पण विळ्यानं नाही, हे नक्की."

तिने भिंगाला डोळा लावला. "आत्याबाई, काळीज हालतंय वो! एवढ्याशा अंड्यात!"

हिराबाई उठून आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग भिंगावरून मान न उचलताच म्हणाल्या, "इळ्याचं म्याच बोलत व्हते तिला. चुकलं माजं."

सुमन पदराने डोळे पुसून पोरीला हाक मारायला अंगणात गेली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये माशांचा डबा मांडीवर धरून बसले होते. दोन मासे दगावले, बाकीचे आज प्रयोगशाळेच्या टाकीत सुखरूप आहेत. सुमनला मी अर्धंच उत्तर देऊन आले. उरलेलं अजून शोधते आहे. ते कुणाला जाऊन सांगायचं, एवढं मात्र आता ठाऊक आहे.