गणपतरावाचा हुंकार

आमच्या कोडोलीत कुणाची म्हस मेली, कुणाची लेक नांदायची सोडून परत आली, की माणूस आधी गणपतरावाकडं जायचा. सल्ला मागायला न्हवं. सल्ला त्यानं जन्मात कुणाला दिला न्हाय. मी पिराजी, त्याचा शेजारी, मला ठावं हाय. तुम्ही बोलायचं, त्यानं मान हलवत "हं... हं..." म्हणायचं, बास. निम्मं दुःख तिथंच उतरायचं. समोरचा बोलतोय आणि आपण गप्प बसलो, तर आमच्यात तो अपमान असतोय की! लगेच म्हणतात, "मी काय भिंतीशी बोलतोय व्हय?"

त्याचा एकुलता पोरगा सम्राट कागलच्या एमआयडीसीत मशीनवर होता, तिथनं पोलंडच्या एका कारखान्यात गेला. बापाला तिकडं फिरवायचं म्हणून त्याचा पासपोर्टबी काढून दिलता. आणि एक दिवस फोन आला. झोपेतच गेलं पोरगं.

बयाबाई रडली न्हाय. नवऱ्याला म्हणाली, "कसाबी असू दे, त्याला घरला आणा. मला त्याचं तोंड बघायचंय. दुसरं काय बी नगं."

गणपतराव एकटाच पोलंडला गेला. तिथं सम्राटच्या खोलीवर राहणारा आपल्या नेसरीचा अभिराम त्या लोकांची भाषा बोलून सगळं समजावणार होता. पण तो कामावरनं संध्याकाळी यायचा, आणि कारखान्यातली बाई आली दुपारी. गणपतरावाजवळ बसली, खांद्यावर हात ठेवला, हळू आवाजात तिच्या भाषेत बोलायला लागली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. ह्याला वाटलं, बाई दुखवट्याला आलीया. मग आमचा माणूस काय करणार? "हं... हं..." ती मधेच थांबून तोंडाकडं बघायची. हा आणखी मोठ्यानं "हं" म्हणायचा, बिचारीला वाईट वाटू नये म्हणून! शेवटी तिनं कागद पुढं केला, बोटानं जागा दाखवली. ह्यानं सही केली.

संध्याकाळी अभिराम म्हणाला, "काका, कोण आलतं?"

"कारखान्यातली बाई. समजूत काढत होती. लई चांगली बाई."

मागनं कळलं, ती विचारत होती, तुमच्या मुलाचं दहन इथंच करू का?

दोन दिवसांनी बोलावलं आणि हातात राखेचा डबा दिला.

हिकडं बयाबाईनं सोप्यात चटई अंथरून ठेवलेली. भावकी जमलेली. गाडीतनं गणपतराव एकटाच उतरला, डबा पोटाशी धरून. बयाबाईनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाय. गाडीच्या मागं गेली, डिकी उघडायला लावली, आत बघितलं. मग तिथंच खाली बसली.

गावानं तरी सोडावं का न्हाय? डेअरीवर पोरं त्याला म्हणत्यात, "नाना, हं म्हणू नका, जाळतील!" एकाच्या मुस्काडात दिली मी. मढी कुठली! पण तोंडं किती बंद करणार?

गणपतराव आता कुणालाच हुंकार देत न्हाय. आणि बयाबाई... तिला काय बोलू मी? रोज जेवायच्या वक्ताला ती त्याच्यापुढं रिकामं ताट ठेवते आणि समोर बसते. आमच्या सोप्यात सगळं ऐकू येतंय.

"पोराला हितंच जाळू का?"

"नगं."

"ऐकू आलं न्हाय."

"नगं! घरला न्यायचाय त्याला!"

मग ती भात वाढते.