मामा गोळी जिरवतायत

चिनी कार्टून बघून माझ्या अंगावर काटा येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. लेक नगरला कॉलेजला जाते. सुट्टीच्या दिवशी दुपारी मोबाईल टीव्हीला जोडून ती हिंदीत डब केलेलं काहीतरी लावायची. लांब केसांची पोरं हवेत उडतायत, तळहातातून निळा उजेड सोडतायत. मी मशीनवर ब्लाउज शिवता शिवता नाक मुरडायचे. "जेवायला तरी खाली उतरतात का गं ही?" असं विचारून तिला पिडायचे.

मग एका दुपारी सुईत दोरा ओवायचा राहिला आणि मी बघतच बसले. गोष्ट आजच्या काळातली होती. हजार वर्षं तप केलेला एक साधक मरतो आणि आताच्या मोठ्या शहरात एका मरतुकड्या तरुणाच्या देहात जागा होतो. सगळी शक्ती गेलेली, जिना चढला तरी धाप लागते. पोटासाठी स्कूटरवरून पार्सलं पोचवतो, घरमालकिणीची बोलणी खातो, आणि काम आटोपलं की गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मांडी घालून बसतो. आत घेतलेला श्वास बारीक निळ्या दोऱ्यासारखा त्याच्या छातीतून, पोटातून फिरताना दिसतो. अडतो, मागे येतो, पुन्हा धडक देतो. खाली सिग्नलला हॉर्न वाजतायत आणि वर हा एकेक पायरी चढत अमर व्हायला निघालाय! मी थक्क झाले. जुने ऋषी हिमालयात बसायचे त्याचं मला कधी एवढं वाटलं नाही. तिथं दुसरं करण्यासारखं होतंच काय? पण हा आपल्यातला होता. तेव्हापासून आमच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघितल्या की मला वाटायचं, एखादीच्या बुडाशी कुणीतरी असंच बसलेलं असेल, आपल्यालाच दिसत नसेल.

घरात तेव्हा निराळाच घोर लागला होता. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, जन्मभर गावच्या तालमीचे वस्ताद. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवू नका. दुसरा झटका त्यांना झेपायचा नाही." आणि मामा गोळी घेतच नव्हते. गालात धरायचे आणि माझी पाठ वळली की खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत थुंकायचे. माती उकरताना मला अर्धवट विरघळलेल्या गोळ्या सापडल्या, तेव्हा कुठे कळलं.

त्यांच्या तालमीचा कायदा असा, की ताकद यायची ती दूध, बदाम आणि मेहनतीतून. कुणाच्या पिशवीत ताकदीची गोळी सापडली की तो पोरगा त्याच दिवशी बाहेर, मग तो सख्खा पुतण्या का असेना. "गोळीची ताकद लबाडाची," मामा मला म्हणाले. "पोरास्नी हेच शिकवलं, आन आता मीच खाऊ व्हय?" मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. मामा ढिम्म.

त्यांचा पलंग टीव्हीच्याच खोलीत. आधी ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. पण त्या मरतुकड्या पोराने त्यांनाही हळूहळू वळवलं. तो मारामारीला निघाला की मामा ओरडायचे, "आरं, आधी अंग तर गरम कर!" तो श्वास घ्यायला बसला की मात्र गप्प.

एका रविवारी त्या साधकाने भट्टीत मुळ्या उकळून एक गोळी बनवली आणि तोंडात टाकली. मामा कडाडले, "बंद कर ते! लबाड निघालं बेणं!"

"आबा, पुढं तर बघा," लेक म्हणाली. "नुसती गिळून काय होत न्हाई. ती अंगात जिरवावी लागते. न्हाई जिरवली तर उलटते."

"जिरवतो?" मामांनी मान वळवली. तालमीत खुराक खाऊन जोर-बैठका मारतात त्याला जिरवणंच म्हणतात. पडद्यावर तो घामाने निथळत बसला होता. गळ्याच्या शिरा तट्ट, आणि मागे इमारतींवर दिवस मावळून पुन्हा उगवला. मामांची पापणी हलली नाही. "मेहनत हाय," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपणहून गोळी मागितली. माझ्याकडून भिंतीला टेकवून मांडी घालून घेतली, गोळी गिळली आणि डोळे मिटले. कुणी बोलायचं नाही, कुकरची शिट्टी नाही, चहा नंतर. ब्लाउज न्यायला आलेल्या बाईला मी दारातच थोपवलं, "थांबा जरा, मामा गोळी जिरवतायत." तीही बिचारी पिशवी छातीशी धरून उभी राहिली.

पहिल्यांदा मी पदरात तोंड घालून हसले. मग नीट बघितलं. छाती संथ वर-खाली होत होती, चेहरा एकदम शांत. मला वाटलं, तो निळा दोरा त्यांच्या खांद्यापर्यंत येतोय, तिथं अडतोय, मागे फिरून पुन्हा धडक देतोय. माझ्या घरात, गॅसच्या शेगडीपासून हाकेच्या अंतरावर, हे चाललं होतं. हसू कुठल्या कुठे गेलं. रोज सकाळी ते बघायला मी हातातलं काम टाकून उभी राहू लागले.

आणि मग मालिकाच थांबली. साधक सगळ्यात उंच इमारतीच्या माथ्यावर उभा, त्याची परीक्षा घ्यायला आभाळातून वीज कोसळते आणि पडदा काळा. लेक हळहळली. मी मात्र मामांकडे बघितलं, कारण त्यांची गोळी त्या साधकाच्याच जिवावर चालली होती.

सकाळी मी पाणी आणि गोळी घेऊन गेले तेव्हा मामा खिडकीबाहेर बघत होते.

"त्याचं पुढं काय झालं, कळलं का गं?"

"न्हाई मामा. पुढचा भाग कधी येईल, कुणालाच ठाऊक न्हाई. वरीसबी लागंल."

"मेला नसंल ना?"

"नसंल."

मी तांब्या पलंगाशी टेकवला.

"मग थांबाया लागंल की," मामा म्हणाले. "तवर मरून कसं चालंल?"

आणि त्यांनी गोळीसाठी डावा हात पुढे केला.