कॅलेंडरमागची ओल

ती पाटल्यांची चोरी मला आजही आठवते. आठवली की आधी स्वतःचा राग येतो आणि मग हसू येतं.

नागपुरातल्या एका ठाण्यात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. मे महिना होता. एक निवृत्त शिक्षिका तक्रार घेऊन आल्या. त्यांना फ्लॅट विकून पुण्याला मुलीकडे राहायला जायचं होतं. आदल्या दिवशी चार गिऱ्हाइकं घर बघायला येणार म्हणून सकाळपासून साफसफाई चालली होती. पडदे धुतले, कूलरला नवीन वाळा लावला. पंखा पुसताना बाईंनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. गिऱ्हाइकं येऊन गेली आणि संध्याकाळी बघतात तर ड्रॉवर रिकामा.

"पाटल्या कुठे ठेवल्या हे फक्त माझ्या कामवालीला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकं तर सगळी चांगल्या घरची होती हो."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला आणि कामवालीला जबाबासाठी बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसली होती. पन्नाशीची ती बाई न अडखळता बोलली.

"वीस वर्सं झाली मले त्या घरात. बाई चिकट आहे, साहेब. चहात साखर टाकताना हात आखडते. हे मी तिच्या तोंडावर सांगते. पण चोरी काहून करीन मी?"

मी वहीत लिहिलं, मालकिणीवर राग. माझी एवढ्या वर्षांची नोकरी आणि अक्कल ही! साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. दोन दिवस तिला ठाण्यात बोलावलं. तेवढ्यात ती काम करत होती त्या आणखी दोन घरांनी तिला "येऊ नको" म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला होता. "काम दुसरं भेटन, साहेब. पण चोट्टी म्हणून नाव झालं तर घरात कोण घेईन मले?" मग म्हणाली, "मी सैपाकघरात भांडे घासून राहिली होती. सारं ऐकू येत होतं. तिघांनी घराले नावं ठेवली. चौथा एकटाच आला होता, तो सारं मस्त मस्त म्हणून राहिला होता. ज्याले घर घ्याचं असते तो मस्त म्हणते का जी?"

मी बाईंना पुन्हा विचारलं, तेव्हा त्या ओशाळल्या. बेडरूमच्या भिंतीला बाथरूमची ओल आली होती. ती झाकायला त्यांनी वर भलंमोठं कॅलेंडर टांगलं होतं. तिघांनी ते उचलून पाहिलं आणि भाव पाडून मागितला. चौथ्याने हातही लावला नाही. त्याच्यावर खूश होऊन बाई पन्हं आणायला गेल्या आणि तो बेडरूममध्ये एकटा राहिला.

सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याच्या मोटरसायकलचा नंबर होता. त्यावरून त्याला ताब्यात घेतलं.

"घरच पाहायला गेलो होतो, साहेब."

"नळ किती वाजता येतो?"

"विचारलं नाही."

"बेडरूमची खिडकी कोणत्या दिशेला?"

तो छताकडे बघू लागला.

"मे महिन्यात नागपुरात घर बघतो अन् कूलर कुठं लागते हे बघत नाही तू?"

त्याने मान खाली घातली. सगळे ड्रॉवर उघडून पाहिले होते, असं कबूल केलं. पाटल्या त्याच्या घरातून पंचांसमक्ष जप्त झाल्या.

बाई स्वतः त्या दोन्ही घरी जाऊन "चूक माझी होती" असं सांगून आल्या. मीही कामवालीची माफी मागितली. सेवेत हे मी फार वेळा केलेलं नाही.

पुढे एका सहीसाठी बाईंकडे गेलो, तर एक कुटुंब घर बघायला आलेलं. कामवालीने सगळ्यांसमोर ते कॅलेंडर खाली उतरवलं. "हे पहा, इथं ओल आहे. बाथरूमची. तेवढी दुरुस्त करून घ्या. बाकी घर चांगलं आहे." बाईंनी डोळे वटारले, मग त्याच हसल्या. घर त्याच कुटुंबाने घेतलं.

जे माणूस तोंडावर नावं ठेवतं ते घराला आपलं मानतं, हे मी खात्यात नाही, तिच्याकडून शिकलो. नव्या मालकांनी तिलाच कामावर ठेवलं. पहिल्याच दिवशी तिने त्यांच्या चहाला नावं ठेवली, असं कानावर आलं तेव्हा मी निश्चिंत झालो. ती तिथेही रुळली होती.