निळ्या गिलाव्याचा ब्लॉक

दिघाशीच्या शेठने माझ्या ब्लॉकांवर गोमूत्र शिंपडायला लावलं. माझ्यासमोर. मी टेम्पोतून माल उतरवत होते आणि त्याचा गडी तांब्या घेऊन मागे मागे. मला वाटलं, धूळ बसावी म्हणून पाणी मारतोय. वास आला तेव्हा कळलं.

टेमघरला माझा छोटा कारखाना. पाडलेल्या घरांचं राबिट आणायचं, सळ्या वेगळ्या काढायच्या, भरडायचं, सिमेंट घालून साच्यात दाबायचं. ब्लॉक स्वस्त पडतो, पण लोक संशयाने बघतात. शेठने घेतला तर गाव घेईल, म्हणून मी सगळं सोसलं. त्याने ब्लॉक खांद्याच्या उंचीवरून टाकला. फुटला नाही. दिवसभर पाण्यात बुडवला. भुगा सुटला नाही. मग विचारलं, "आडनाव काय तुझं?" तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. तरी टेम्पो भरला. हाव, दुसरं काय.

"शेठ, हे कशाला?"

"राबिट कुनाच्या घरचं, काय ठावं? घराला लावायचं हाय, गोठ्याला न्हाय."

मी एक ब्लॉक हातोडीने फोडला. आत निळा ऑइलपेंट लावलेल्या गिलाव्याचे तुकडे.

"ओळखलंत? तुमचंच जुनं स्वयंपाकघर. उन्हाळ्यात पाडलंत, मीच उचललं."

त्याने तुकडा निरखला. हसला. मला वाटलं, वरमला.

"मंग राबिटात खोट न्हाय. पन हात तुझे लागलेत ना, पोरी. शिंपडू दे."

त्याच घराच्या परसात माझी आई भांडी घासायची. निळी भिंत तिने बाहेरूनच पाहिली. घासलेल्या भांड्यांवर शेठाणी पुन्हा पाणी शिंपडायची, मगच आत न्यायची. लहानपणी मला वाटायचं, किती स्वच्छ माणसं! आज अर्थ लागला. शेठपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

मी ब्लॉक परत चढवायला लागले. एकेक. ओले. गडी मदतीला सरसावला, शेठने डोळे वटारले.

"गावात कोन घेनार न्हाय तुझा माल."

"नाही तर नाही."

त्या ब्लॉकांचं स्वयंपाकघर आता टेमघरला उभं राहतंय, आईचं. गिऱ्हाईक माझा ब्लॉक आपटून बघतं, तेव्हा मी गिऱ्हाइकाला बघते. आडनाव विचारलं की मशीन बंद. कारखाना बुडाला तर बुडू दे. माल शिंपडून घेणाऱ्याच्या दारात माझा टेम्पो उभा राहणार नाही.