मुख्यालय सोडण्याची परवानगी

एकतीस वर्षं मी केंद्र सरकारच्या नोकरीत आस्थापना शाखेत काढली. रजा, बदल्या, सेवापुस्तकं, पगारबिलं. शेवटची चौदा वर्षं जयपुरात, झालान्यातल्या कार्यालयात. मी कडक होते, कबूलच करते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा गाव सोडायचं तर आधी मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते, आणि ती न घेता गेलेल्याची मी गय करत नसे. एकदा एक कारकून आईच्या शेवटच्या घटकेला न सांगता गावी गेला. परत आला तो मुंडन करून. मी त्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि तरी लेखी खुलासा मागितला.

त्यामुळे जानेवारीत आमची मुलगी डब्लिनहून आली, तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत मी विचारलं, किती दिवसांची मंजुरी आहे? म्हणाली, चार आठवडे. तिची कंपनी वर्षातून तेवढे दिवस परदेशात बसून काम करू देते. ती आली होती बाबांसाठी. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले. हृदय थकलं होतं आणि डोक्यातही सगळी सरमिसळ. हे उन्हाळा काढतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

चार आठवडे संपले, हे होते तिथेच होते. मुलीने मुदत वाढवून मागितली, कंपनीवाले नाही म्हणाले. बिनपगारी रजा मागितली, तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल म्हणाले, आणि तिथे राहण्याचा तिचा परवाना त्या जागेवरच टिकून. मी ते नियम तिच्याकडून वाचून घेतले. खरं सांगते, मला पटले. माणूस दुसऱ्या देशात फार दिवस बसून काम करायला लागला की तिथलं करखातं विचारू शकतं, तुमच्या कंपनीचं बस्तान इथेही आहे की काय? मग नोंदणी करा, कर भरा, तिथले कामगार कायदे पाळा. एका मुलीच्या बापासाठी एवढं लचांड कोण गळ्यात घेईल? त्या खुर्चीत मी असते तर मीही नाहीच लिहिलं असतं.

आणि तरीही परतीचं तिकीट मीच रद्द करायला लावलं. तिला म्हटलं, तू तिथे आहेस एवढं त्यांच्या कागदावर दिसलं की झालं. कागद मला कळतात.

मग मी कामाला लागले, आणि मी कामाला लागले की अर्धवट काही ठेवत नाही. तिने तिथल्या मैत्रिणीच्या घरातून इंटरनेट फिरवून घेतलं, म्हणजे पाहणाऱ्याला ती तिथेच दिसावी. बाकी सगळं माझं. ह्यांच्या खोलीला लागून असलेल्या खोलीच्या खिडक्यांना जाड काळे पडदे लावले, मागे तिच्या तिथल्या भिंतीच्या रंगाची चादर ताणली. दाराची घंटा काढून टाकली. आमच्या दुपारी अडीचला तिकडे सकाळचे नऊ वाजत, तेव्हापासून कुकर बंद. भाजीवाला भैयाला सांगून ठेवलं की आमच्या फाटकाशी ओरडायचं नाही. मार्चमध्ये ऊन तापलं तरी ती स्वेटर घालून, पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद करून बसे, आणि घाम पुसत सहकाऱ्यांना सांगे की सकाळपासून रिमझिम चालू आहे. मार्चअखेर तिकडची घड्याळं तासाने पुढे गेली. आमच्या घरातलं जेवणही तासाने अलीकडे आलं.

एक मात्र मला आवरेना. झालान्याच्या जंगलातले मोर मालवीय नगरात आमच्या गच्चीपर्यंत येतात. बंद खोलीतून ऐकलं तर मोराचं ओरडणं लहान मूल रडल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा ओरडला तेव्हा मुलीने सांगून टाकलं की वरच्या मजल्यावर बाळ आहे. झालं! सहकारी त्या बाळाची चौकशी करायला लागले. झोपतं का, दात येतायत का. ही उत्तरं देऊ लागली. कुठेच नसलेलं ते बाळ आमच्या घरात महिनाभर वाढत होतं, आणि मला दुपारी त्या दारासमोरून जायला नको वाटायला लागलं. मी भित्री नाही. पण आतून येणारा आवाज माझ्या मुलीचा होता आणि तो म्हणत होता, मी इथे एकटीच असते.

हे सगळं ह्यांना भिंतीतून ऐकू जात होतं. सहा वर्षं लेकीचा आवाज त्यांनी फोनमधूनच ऐकला होता, कुठून तरी लांबून आलेला. इंग्रजी त्यांना चांगलं कळायचं. भिंतीपलीकडून येत होता तो तस्साच आवाज, आणि तो सांगत होता की मी डब्लिनमध्ये आहे, पाऊस आहे. त्यांना ते पटलं. मला म्हणायचे, "छत्री नेते की नाही कोण जाणे."

मग उशाशी बसणारी, पाय चेपणारी, आखूड केसांची, चष्मेवाली ही कोण? ह्यांनी ठरवून टाकलं की त्यांची सेवा करायला मी ठेवलेली दाई. घरात आम्ही जन्मभर साताऱ्याचं मराठी बोललो, पण दाईशी ते हिंदीत बोलत. "बेटा, थोडा पानी दीजिए." फार अदबीने. मुलगी मराठीत उत्तर द्यायची, पण ती वाढली जयपुरात. "मतलब बाबा, मीच आहे ना," असं अडखळत म्हणायची. ते हसून मला म्हणायचे, बघ, आपली भाषा शिकतेय बिचारी.

ती स्वयंपाकघरात येऊन रडायची. मला राग यायचा. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं, कारण सगळी व्यवस्था माझीच होती.

एप्रिलात एका दुपारी त्यांनी हट्टच धरला, तिला फोन लाव. लेक शेजारच्या खोलीत. मी लावला, स्पीकरवर ठेवला. तिचा आवाज आधी भिंतीतून आला आणि मग फोनमधून, थोडा मागून. ह्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"ये गं आता," ते म्हणाले.

"येते, बाबा."

"कधी?"

भिंतही गप्प झाली आणि फोनही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, पायांची सूज बघितली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की आता दिवस मोजायचे. मुलीने ऐकलं. तिला हवं होतं ते एकच, बाबांनी जाण्याआधी ओळखावं की ती आली होती. ती शेजारच्या खोलीत गेली आणि दार लावलं. दीड वाजला होता.

मी ह्यांच्याजवळ बसले. पलीकडे मीटिंग सुरू झाली. गच्चीवर तो मेला मोर ओरडला. कुणीतरी हसत विचारलं असणार, बाळ आज फार रडतंय का? कारण थोडं थांबून ती इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "तो मोर आहे. बाळ नाही. मी जयपुरात आहे. माझ्या वडिलांच्या घरात. फेब्रुवारीत परत आलेच नाही."

ह्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे पाहिलं. "आली वाटतं," म्हणाले.

पलीकडे बराच वेळ बोलणं चाललं. नंतर कळलं की तासाभरात तिचा लॅपटॉप त्यांनी तिथूनच बंद केला. कामावरून काढल्याचं पत्र आठवड्याने आलं. भाषा सभ्य होती, नियमाला धरून होती. मी ते दोनदा वाचलं, चूक सापडली नाही.

त्या दुपारी ती दार उघडून बाहेर आली तेव्हा स्वेटर काढलेला होता. येऊन नेहमीच्या जागी, उशाशी बसली. ह्यांनी तिचा चेहरा बराच वेळ पाहिला.

"कधी आलीस?" त्यांनी विचारलं. मराठीत.

"आत्ताच, बाबा."

त्यांनी तिचा हात धरला. मला वाटलं, सुटलो आपण. पण ते खोलीत इकडेतिकडे बघायला लागले, कुणाला तरी शोधावं तसे. मग मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "त्या पोरीला आता जाऊ दे. फार केलं तिने माझं. तिचेही आईबाप वाट बघत असतील."

मुलगी उठली. पुढच्या दारातून बाहेर गेली. फाटक उघडल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं, मग कडी वाजली. चपला बाहेरच काढून, आवाज न करता ती परत येऊन बसली.

"गेली?" ह्यांनी तिला विचारलं.

"गेली," ती म्हणाली.